म्हातारा कुत्रा किती म्हातारा?

‘मोती. नर. वय ११ वर्षे. उजवा डोळा निकामी.’

विद्यार्थिमित्रांनो, घर शोधणाऱ्या कुत्र्यांची माहिती देणाऱ्या एखाद्या संकेतस्थळावर अशी नोंद आहे असे समजा. ती वाचून बहुतेक लोक लगेच शेजारच्या गुबगुबीत पिलाकडे वळतील. पण या नोंदीतून मोतीविषयी आपल्याला नेमके काय कळले?

अमेरिकेत १९९६ साली न्यू जर्सी राज्यात ‘पेटफाइंडर’ हे संकेतस्थळ सुरू झाले. निवाऱ्यांतील प्राण्यांची माहिती लोकांना घरबसल्या मिळावी, हा त्याचा हेतू. पुढे २००७ साली सॅन फ्रान्सिस्को येथे ‘मटव्हिल’ ही केवळ वयस्क कुत्र्यांसाठी काम करणारी संस्था निघाली. अशा वेगळ्या संस्थेची गरज का पडली? कारण पिलांना मागणी असते, तर म्हातारे, अपंग व आजारी प्राणी मागे राहतात. जागा अपुरी पडली की काही प्राण्यांना इंजेक्शन देऊन मारण्याची पद्धत तिकडच्या अनेक निवाऱ्यांत आहे. म्हणून संकेतस्थळावरच्या दोन ओळी कशा लिहिल्या आहेत, हा त्या प्राण्याच्या जिवाचा प्रश्न असतो.

संकेतस्थळ चाळणीसारखे काम करते. प्रत्येक प्राण्याची माहिती संगणकात तक्त्याच्या एका ओळीत साठवलेली असते. ‘५ वर्षांपेक्षा लहान’ हा पर्याय आपण निवडला की वयाच्या रकान्यात ५ किंवा त्याहून मोठा आकडा असलेल्या सर्व ओळी वगळल्या जातात. मोतीला कोणी नापसंत करण्यापूर्वीच तो चाळणीतून गळून जातो!

आता हा वयाचा आकडा तरी किती विश्वासाचा? ‘कुत्र्याचे १ वर्ष म्हणजे माणसाची ७ वर्षे’ असा ठोकताळा आपण नेहमी ऐकतो. तो खरा धरला तर १ वर्षाची कुत्री ७ वर्षांच्या मुलीएवढी ठरेल. पण १ वर्षाच्या कुत्रीला पिले होऊ शकतात! म्हणजे हिशेबात कोठेतरी चूक आहे.

सॅन डिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी १०४ लॅब्रॅडॉर कुत्र्यांच्या डीएनएचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध केला. वय वाढते तसे डीएनएवर ठरावीक जागी मिथाइल गट चिकटतात किंवा तेथून सुटतात. कुत्रा व माणूस यांच्यातील हे बदल ताडून पाहिल्यावर त्यांना पुढील सूत्र मिळाले:

माणसाचे वय = १६ × (कुत्र्याच्या वयाचा नैसर्गिक लॉगरिथम) + ३१

या सूत्राने १ वर्षाचा कुत्रा ३१ वर्षांच्या माणसाएवढा, ४ वर्षांचा सुमारे ५३ वर्षांच्या आणि १२ वर्षांचा सुमारे ७१ वर्षांच्या माणसाएवढा येतो. पहिल्या ३ वर्षांच्या अंतरात २२ वर्षांची वाढ, पण पुढच्या ८ वर्षांत केवळ १८ वर्षांची! कुत्रा लहानपणी झपाट्याने वाढतो आणि नंतर सावकाश म्हातारा होतो. अर्थात हे सूत्र लॅब्रॅडॉरवरून काढलेले आहे. थोराड जातींचे कुत्रे लवकर म्हातारे होतात. ८ वर्षांचा ग्रेट डेन म्हातारा असतो, तर त्याच वयाचा चिवावा चांगला धडधाकट असू शकतो. तेव्हा जात व आकार सांगितल्याशिवाय नुसत्या वयाला फारसा अर्थ नाही.

‘डोळा निकामी’ या शब्दांचेही तसेच आहे. आपण जग मुख्यतः डोळ्यांनी ओळखतो, म्हणून आपल्याला ते भयंकर वाटतात. कुत्र्याच्या नाकात गंध ओळखणाऱ्या २० ते ३० कोटी पेशी असतात. आपल्या नाकात सुमारे ५० ते ६० लाख. ओळखीच्या घरात आंधळा कुत्राही वासाच्या व सवयीच्या आधारे बिनचूक वावरतो. मात्र घरातील सामान वारंवार हलवू नये. कित्येक म्हाताऱ्या कुत्र्यांचे डोळे निळसर, धूसर दिसतात. तो दर वेळी मोतीबिंदू नसतो. वयाबरोबर डोळ्यातील भिंग घट्ट होत गेल्याने तसे दिसते आणि नजर फारशी कमी होत नाही. खरे काय ते पशुवैद्य तपासून सांगतात.

तीन पायांचे कुत्रे तर आपण रस्त्यावर पळताना पाहतोच. उभ्या कुत्र्याचे सुमारे ६० टक्के वजन पुढच्या पायांवर असते. त्यामुळे मागचा पाय गमावलेला कुत्रा सहसा लवकर सावरतो. बहिरा कुत्रा हाताच्या खुणा शिकतो.

मग संकेतस्थळाची मांडणी कशी बदलावी? पहिला प्रश्न प्राण्याच्या वयाचा नसावा. येणाऱ्याच्या घराविषयी आधी विचारावे: जिना आहे का? घर दिवसात किती तास रिकामे असते? लहान मुले आहेत का? औषध वेळेवर कोण देईल? उत्तरांशी जुळणारे प्राणी मग दाखवावेत. नोंदीत तीन गोष्टी असाव्यात: प्राण्याला काय जमते, काय जमत नाही आणि कोणती मदत लागते. उदाहरणार्थ:

‘मोती, मध्यम आकाराचा. रोज दोन वेळा अर्धा तास फिरतो. उजव्या डोळ्याने दिसत नाही. त्या बाजूने एकदम हात लावल्यास दचकतो. सांधेदुखीसाठी रोज सकाळी एक गोळी. वय ११ वर्षे.’

येथे काहीही लपवलेले नाही, हे ध्यानात घ्या. मधुमेही कुत्र्याला बहुधा दिवसातून दोनदा इन्सुलिन टोचावे लागते. हा त्रास व खर्च लपवला तर कुत्रा परत निवाऱ्यात येईल आणि म्हाताऱ्या जनावराला पुन्हा जागा बदलावी लागेल.

शिक्षकांच्या मदतीने वर्गात एक प्रयोग करून पाहा. आपल्या परिसरातील एका म्हाताऱ्या किंवा अपंग प्राण्याचे आठवडाभर दुरून निरीक्षण करा आणि वरील तीन मुद्द्यांवर त्याची पाच ओळींची नोंद लिहा. नंतर केवळ वय व व्यंग सांगणारी दुसरी नोंद करा. दोन्ही नोंदी वेगवेगळ्या मुलांना वाचायला देऊन ‘हा प्राणी घरी न्याल का?’ असे विचारा आणि उत्तरांचा तक्ता करा.