हवेचा अंदाज

मारुती ८००च्या मागे ‘एमपीएफआय’ ही अक्षरं दिसू लागली ती २०००च्या सुमारास. तेव्हा आमच्या चाचांच्या गॅरेजमधले मिस्त्री त्या अक्षरांकडे जरा संशयानंच पाहत. कार्बोरेटर कसा, उघडता येतो, जेट फुंकता येतो, स्क्रू पाव आटा फिरवून कानानं अंदाज घेता येतो. हा सीलबंद डबा कुणाचं ऐकणार? गंमत अशी, की विजेच्या इशाऱ्यानं पेट्रोल फवारायची ही युक्ती तोवर तीस वर्षांहून जुनी झाली होती. आणि तिच्या पहिल्यावहिल्या डब्यालाही आपलं ऐकायला लावणारी मंडळी जगात आहेत. भाचा नोकरीनिमित्त जर्मनीत असतो, त्याच्याकडे गेलो असताना अशा लोकांत माझ्या काही संध्याकाळी गेल्या. मी बी.ए. झालेला कवी. पण मात्रा मोजायची सवय असल्यानं विषय फार परका वाटला नाही.

ही कल्पना मूळ अमेरिकेतल्या बेंडिक्स कंपनीची. १९५८च्या मोजक्या क्रायस्लर गाड्यांना ती यंत्रणा बसली, पण टिकली नाही. बहुतेक गाड्यांवर पुन्हा कार्बोरेटर चढले. पुढे जर्मनीच्या बॉशनं ती हाती घेतली आणि १९६७ मध्ये फोक्सवॅगन १६००च्या अमेरिकेत जाणाऱ्या गाड्यांवर ‘डी-जेट्रॉनिक’ आणलं. तिकडे १९६८च्या गाड्यांपासून धुराचे नियम लागू होणार होते, त्याची ही तयारी. ‘डी’ म्हणजे जर्मनमध्ये ‘ड्रुक’, म्हणजेच दाब. सगळी मेख या एका अक्षरात आहे.

इंजिनात किती हवा शिरली हे या यंत्रणेला ठाऊकच नसतं. ती हवा मोजत नाही, अंदाज करते. इनटेकच्या नळीतला दाब किती आणि इंजिनाचे फेरे किती, एवढ्यावरून. दाब ओळखायला एका डब्यात हवा काढून बंद केलेल्या धातूच्या डब्या असतात, वायुभारमापकात असतात तशा. दाब बदलला की त्या आकसतात, फुगतात आणि तारेच्या वेटोळ्यातला लोखंडी गाभा मागेपुढे सरकवतात. फेऱ्यांची खबर डिस्ट्रिब्युटरमधले जादा पॉइंट देतात. मग कॉम्प्युटर (म्हणायचा कॉम्प्युटर, मायक्रोप्रोसेसर बाजारात आला १९७१ मध्ये, यात नुसते ट्रान्झिस्टर आणि रोधक) इंजेक्टर सेकंदाचे काही सहस्रांश उघडा ठेवतो. पेट्रोलचा दाब कायम साधारण दोन बार, म्हणजे जितका वेळ तितकं पेट्रोल.

हा अंदाज कारखान्यात एका ठरावीक इंजिनासाठी बांधलेला असतो. इंजिन बदललं की तो चुकू लागतो, आणि डब्याला त्याचा पत्ताही नसतो. एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन तपासून चूक कळवणारा सेन्सर तेव्हा नव्हता.

भाच्याच्या मित्राकडे फोक्सवॅगन-पोर्श ९१४ होती. दोन लिटरचं इंजिन, ९४ मिलिमीटरचे पिस्टन, एकूण १९७१ सीसी. त्यानं ९६चे पिस्टन घातले. झाले २०५६ सीसी. दाब तोच, फेरे तेच, पण हवा सव्वाचार टक्के जास्त. पेट्रोल मात्र जुन्याच हिशेबानं. चौदा-पंधरा भाग हवेला एक भाग पेट्रोल हे प्रमाण त्यामुळे बिघडतं आणि मिश्रण पातळ होतं. रिकाम्या गाडीला त्याचं काही वाटत नाही. पण पूर्ण अॅक्सिलरेटर दाबून चढ चढताना पातळ मिश्रणानं ठोके बसतात, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो, पिस्टनला भोक पडतं. हे इंजिन हवेनं थंड होणारं. त्याला तर माफी नाहीच.

चूक सगळीकडे सारखी असेल तर इलाज सोपा: पेट्रोलचा दाब वाढवायचा. मात्र पेट्रोल दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं. म्हणून सव्वाचार टक्के पेट्रोलसाठी दाब जवळजवळ नऊ टक्के वाढवावा लागतो, दोनाचा २.१८.

अवघड जातो तो कॅमशाफ्ट. तेज कॅममध्ये इनलेट आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह थोडा वेळ एकत्र उघडे राहतात. त्यामुळे उभ्या गाडीतही नळीतला दाब वाढतो. डबा समजतो, गाडी ओझं ओढतेय. आणि पेट्रोल ओततो. प्लग काळे, धूर काळा. इथे चूक सारखी नसते, खाली जास्त आणि वर नाही. त्यासाठी दाबाच्या सेन्सरचं सीलबंद बूच काढून आतला स्क्रू फिरवावा लागतो. माझं मत विचाराल तर, ही यंत्रणा ठेवायची असेल तर असा कॅम घालूच नये. गझलेच्या वृत्तात जादा मात्रा कोंबून मग गायकाला दोष देण्यासारखं आहे ते.

काही जण तापमानाच्या सेन्सरला जादा रोधक जोडतात. तो सेन्सर वीस अंशांना साधारण अडीच हजार ओहम दाखवतो आणि तापला की पुष्कळ खाली येतो. दोनशे ओहम जोडले तर थंडपणी फरक नगण्य. गरम झाल्यावर मात्र डब्याला इंजिन थंड वाटतं आणि तो पेट्रोल वाढवतो. थोडी लबाडीच, पण उपयोगी.

हे सगळं नंतरचं. आधी टॅपेट, टायमिंग, पॉइंट, अर्थच्या तारा, रबरी नळ्या. कार्बोरेटरवर हात बसलेला मिस्त्री इथे हमखास चकतो. नळी फुटून हवा आत आली तर कार्बोरेटरचं मिश्रण पातळ होतं. डी-जेट्रॉनिकमध्ये त्या हवेनं दाब वाढतो, डबा तिच्यासाठीही पेट्रोल देतो आणि उभी गाडीच जोरात फिरू लागते. पुष्कळांनी अशा वेळी सगळी यंत्रणा उपसून कार्बोरेटर बसवले. धूर कमी करायला आलेली वस्तू पाच रुपयांच्या नळीपायी भंगारात गेली.

बॉशनं पुढे हवा खरोखर मोजणारं एल-जेट्रॉनिक आणलं आणि डी मागे पडलं. आता त्या मित्राच्या एक्झॉस्टमध्ये आधुनिक ऑक्सिजन सेन्सर आहे. एका वेळी एकच बदल, मग तोच रस्ता, तोच चढ, मग वहीत आकडा. स्क्रूला हात लावण्यापूर्वी दाबाच्या सेन्सरच्या वेटोळ्याचं मूळ मापही त्यानं मीटरवर घेऊन लिहून ठेवलंय, कारण आतला पातळ धातूचा पडदा वयानं चिरतो. चिरला की तो स्वतः सेन्सर उघडतो, नवा पडदा बसवतो आणि वहीतला आकडा येईपर्यंत स्क्रू फिरवत बसतो.