मोहाच्या तेलावर मोटार?

वनस्पतीच्या तेलावर इंजिन चालेल काय, हा प्रश्न डिझेल इंजिनाइतकाच जुना आहे. १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात एक लहान डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालविण्यात आले होते, आणि ते विनातक्रार चालले. पुढे खनिज तेल मुबलक व स्वस्त मिळू लागले आणि तो प्रयोग विस्मरणात गेला. डिझेलचे भाव चढले की मात्र त्याची हटकून आठवण होते. गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिण भागात इटियाडोह व नवेगाव बांधच्या पाण्यावर धान पिकविणाऱ्या अर्जुनी मोरगाव तालुक्याला ती होण्यास तर विशेष कारण आहे. रानात मोह आहे आणि राइस मिलांतून कोंडा निघतो; दोहोंत तेल आहे. मग ट्रॅक्टरच्या टाकीत समुद्रापलीकडून आणलेले तेल का ओतावे? प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र वाटते तितके सरळ नाही.

घाणीतून निघालेले तेल जसेच्या तसे आजच्या मोटारीत घालता येत नाही. ते दाट असते. फवारा नीट उडत नाही, नोझलवर काजळी धरते. म्हणून त्यात मिथेनॉल व थोडा कॉस्टिक सोडा मिसळून ते तापवतात. शंभर किलो तेलाला सुमारे दहा किलो मिथेनॉल लागते; ग्लिसरीन खाली बसते आणि वर पातळ बायोडिझेल राहते. त्यात गंधक जवळजवळ नसते, इंजिनाच्या भागांना त्याचे वंगण चांगले मिळते, धूर कमी होतो. शेकडा २० टक्के मिश्रणाने धुरातील कण सुमारे १० टक्क्यांनी घटतात, पण नायट्रोजनची ऑक्साइडे सुमारे २ टक्क्यांनी वाढतात, असा अंदाज अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००२ साली मांडला होता. गंधकाचा मुद्दा तर आता बराच बोथट झाला आहे, कारण एप्रिल २०२० पासून आपल्याकडील साध्या डिझेलमध्येही ते नाममात्रच उरले आहे. शिवाय लिटरमागे ऊर्जा सुमारे आठ टक्क्यांनी कमी; जुन्या टाकीतला गाळ सुटून फिल्टर तुंबतो, रबरी नळ्या फुगतात, आणि साठवणीत पाणी शिरले की तेल बिघडते. मिथेनॉल विषारी व ज्वालाग्राही आहे, आणि बहुतांशी परदेशातूनच येते. तेव्हा स्वावलंबनाची भाषा थोडी जपूनच केलेली बरी.

आता मोहाकडे वळू. मोहाच्या बिया, म्हणजे टोळी, जून-जुलैत गळतात. नेमका तोच पावसाचा आरंभ. ओल्या टोळीतले तेल लवकर आंबट होते आणि आंबट तेलाचे सोड्याशी साबणच बनते. म्हणून आधी आम्लाची प्रक्रिया, मग सोड्याची, असा दुहेरी खर्च येतो. या तेलात गोठणाऱ्या चरबीचा अंश बराच असल्याने त्याचे बायोडिझेल थंडीत लवकर दाटते, आणि पूर्व विदर्भातली डिसेंबरची पहाट तशी बोचरीच असते. पण खरा अडसर हिशेबाचा आहे. केंद्र सरकारने २०२० साली मोहाच्या बियांना किलोमागे २९ रुपये आधारभूत भाव ठरविला. लिटरभर तेलाला तीन ते चार किलो बी लागते. म्हणजे केवळ बियांचेच ८७ ते ११६ रुपये झाले. मिथेनॉल, मजुरी, वाहतूक पुढेच. तयार डिझेल नव्वदीच्या घरात मिळत असता हा व्यवहार करायचा तर टोळी वेचणाऱ्या बाईला आधारभूत भावाहून कमी दाम द्यावे लागतील. ज्या घरांत हे तेल आजही कढईत, दिव्यात आणि अंगाला लावण्यास वापरतात, त्यांच्या तोंडचे तेल काढून मोटारीला पाजण्यात शहाणपण कोणते?

मग खाण्यात न येणारी बी लावावी, असा विचार पुढे येणे स्वाभाविकच होते. २००३ साली नियोजन आयोगाच्या समितीने मोगली एरंडाची, म्हणजे जट्रोफाची, अवाढव्य योजना मांडली. लक्ष्य होते १ कोटी १२ लाख हेक्टर लागवड आणि २०११-१२ पर्यंत डिझेलमध्ये शेकडा २० टक्के मिश्रण. पुढे २००५ साली खरेदीभावही जाहीर झाला. शेजारच्या छत्तीसगडात उत्साहाने लागवड झाली. परंतु पाणी व खत न देता रेताड जमिनीत वाढणारे हे झूड तिथे बियाही रेताड जमिनीच्या मानानेच देते, हे कळण्यास दशक लागले. प्रत्यक्ष मिश्रण एक टक्क्याच्या वर गेले नाही. २०१८ च्या धोरणात लक्ष्य उतरून २०३० पर्यंत ५ टक्के झाले. त्याच वर्षी २७ ऑगस्टला छत्तीसगडच्या जट्रोफाच्या इंधनाचा अंश घेऊन देहरादूनहून दिल्लीस एक विमान मात्र उडाले!

या योजनेत 'पडीक' हा शब्द फार सैलपणे वापरला गेला. पूर्व विदर्भातील सहा जिल्ह्यांत झुडपी जंगल नावाची सुमारे ८६ हजार हेक्टर जमीन आहे. कागदावर ती ओसाड दिसे. गावाच्या दृष्टीने ती गुरांचे कुरण आणि सरपणाची जागा. सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी तिला वनजमीन मानण्याचा निर्णय दिला, हे बरेच झाले. इंधनाच्या लागवडीसाठी रिकामी जमीन शोधणाऱ्यांनी तिच्यावर आधीपासून कोण जगते आहे हे अगोदर पाहावे.

खाद्यतेलच जाळण्याचा मार्ग इंडोनेशियाने पत्करला आहे. तेथे पामतेलापासून केलेल्या बायोडिझेलचे मिश्रण २०२३ साली ३५ टक्के होते, २०२५ साली ते ४० वर नेले गेले. आपला देश निम्म्याहून अधिक खाद्यतेल आयात करतो. एप्रिल २०२२ मध्ये त्या देशाने पामतेलाची निर्यात काही आठवडे रोखली, तेव्हा तेलाचा बाजार इथेही हादरला. तेथील मोटारींची तहान वाढली की अर्जुनीच्या फोडणीला चिमटा बसतो.

तरीही बायोडिझेल टाकाऊ नाही. ते टाकाऊ तेलाचे असावे, एवढेच. धान भरडताना दाण्यावरून निघणाऱ्या कोंड्यात शेकडा १५ ते २० टक्के तेल असते. पण भरडाई होताच ते बिघडू लागते. वेळीच तापवून स्थिर केले नाही तर खाण्यालायक राहत नाही. ते बिघडलेले तेल, आणि हॉटेलांच्या कढईत पुनःपुन्हा तळून काळे पडलेले तेल, यांवर कोणाच्याही ताटाचा हक्क नाही. उलट, ते पुन्हा ताटात येऊ नये यासाठीच अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ साली वापरलेले तेल गोळा करून बायोडिझेलकडे वळविण्याची योजना आखली. हे इंधन सर्वप्रथम मोटारीतच जावे असेही नाही. कर्नाटकातील कग्गनहळ्ळी गावात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील उडुपी श्रीनिवास यांनी करंजाच्या तेलावर इंजिने चालवून शेतीला पाणी दिले होते. एका जागी बसविलेले संथ इंजिन जे पचविते, ते नव्या मोटारीचा नाजूक पंप पचवीत नाही. मोटारीसाठी डिझेलच्या भारतीय मानकाने ७ टक्क्यांपर्यंत मिश्रणास मुभा दिली आहे, आणि नव्या वाहनात त्यापलीकडे जाण्याआधी गाडीसोबतचे पुस्तक वाचणे इष्ट.

या मर्यादा पाळायच्या तर विक्रेता प्रामाणिक हवा. २०२०-२१ च्या सुमारास गुजरात व महाराष्ट्रात बायोडिझेलची पाटी लावून भलतेच औद्योगिक तेल विकणाऱ्या पंपांवर छापे पडले होते. स्वस्त मिळते म्हणून ट्रकवाल्यांनी ते भरले. खऱ्या बायोडिझेलसाठी आयएस १५६०७ हे मानक आहे. पाटीपेक्षा त्या मानकाचा तपासणी दाखला पंपावर मागून पाहावा. तो नसेल तर टाकीचे झाकण बंदच ठेवावे.