सीडी तीच, आवाज निराळा

१९८२ साली बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कवर नाद सेकंदास ४४,१०० वेळा मोजून १६ बिटांच्या अंकांत नोंदलेला असतो. ही नोंद सर्वत्र सारखीच असताना अ‍ॅम्प्लिफायर बदलताच आवाजात तफावत का पडावी, असा प्रश्न चिकित्सक श्रोत्यास पडणे स्वाभाविक आहे.

पहिले कारण विद्युत्‌दाबाचे. सीडी प्लेअर सुमारे २ व्होल्टपर्यंत संकेत देतो, तर अनेक जुने अ‍ॅम्प्लिफायर ०.१५ ते ०.२ व्होल्टलाच पूर्ण शक्ती देतील अशा बेताने घडविलेले असत. त्यामुळे आवाजाचे बटण जेमतेम फिरते न फिरते तोच खोली दणाणते, आणि त्या आरंभीच्या टप्प्यात बटणामागील दोन रोधकांची चाल पुष्कळदा समान नसल्याने डाव्या-उजव्या स्पीकरांचा तोल ढळतो.

दुसरे कारण शक्तीचे. तानपुऱ्याच्या झंकारास जेथे १ वॉट मुबलक होतो, तेथे त्याहून १३ डेसिबल चढलेली तबल्याची थाप २० वॉट मागते. तेवढी शिल्लक नसेल तर लहरींचे माथे छाटले जाऊन थाप कर्कश होते.

तिसरे कारण स्पीकरच्या रोधाचे. त्यावर ८ ओहम लिहिलेले असले तरी कंपनसंख्येगणिक तो बदलतो, आणि ज्याचा स्वतःचा अंतर्गत रोध अधिक असतो असा व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर त्यानुसार काही स्वर उठावदार, तर काही दबलेले करतो.

म्हणून खरेदीपूर्वी दोन्ही यंत्रांचा आवाज समान पातळीवर आणूनच तुलना करावी. कारण किंचित मोठा आवाज कानास हटकून सरस भासतो.