स्त्रियांचा आंतरराष्ट्रीय व्यापार : धोरणाची बदलती दिशा

नोकरीचे वा विवाहाचे आमिष दाखवून स्त्रीला परमुलखात नेणे आणि तेथे तिला देहविक्रयास अथवा वेठबिगारीस जुंपणे, हा व्यापार जुना आहे. त्याविरुद्धचा पहिला आंतरराष्ट्रीय करार १९०४ साली झाला. संयुक्त राष्ट्रसंघाच्या करारावर भारताने १९५० मध्ये स्वाक्षरी केली व त्यास अनुसरून १९५६ चा कायदा संमत झाला. १९८६ पासून तो 'अनैतिक व्यापार (प्रतिबंध) अधिनियम' म्हणून ओळखला जातो. राज्यघटनेच्या अनुच्छेद २३ ने तर माणसांच्या व्यापारास प्रथमपासूनच मनाई केलेली आहे.

या जुन्या धोरणाचा सारा भर वेश्याव्यवसायाच्या निर्मूलनावर होता. २००० सालच्या पालेर्मो मसुद्याने दृष्टी बदलली. बळजबरी, फसवणूक वा असहायतेचा गैरफायदा घेऊन शोषणासाठी माणसाची ने-आण करणे हाच मूळ गुन्हा होय. अशा वेळी तिची 'संमती' होती, हा बचाव ग्राह्य नाही. भारताने २०११ मध्ये या मसुद्यास मान्यता दिली. भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ मध्ये हेच तत्त्व आहे.

तथापि, खरी कसोटी सुटकेनंतर लागते. फेब्रुवारी १९९६ मध्ये मुंबईत पोलिसांनी शेकडो मुलींची सुटका केली. त्यांत नेपाळी मुली मोठ्या संख्येने होत्या. त्यांच्या परतीचा प्रश्न रेंगाळला आणि अखेर नेपाळमधील स्वयंसेवी संस्थांनाच पुढाकार घ्यावा लागला. सार्क राष्ट्रांच्या २००२ च्या करारात, तसेच भारत-बांगलादेश यांच्यातील २०१५ च्या सामंजस्य करारात मायदेशी पाठवणीची तरतूद आहे, ती म्हणूनच महत्त्वाची.

पारपत्र नसलेली परदेशी स्त्री आरोपी की अन्यायग्रस्त, हा दुसरा प्रश्न. ती स्वेच्छेने आलेली नाही असे तपासात दिसल्यास, परकीय नागरिकांविषयीच्या कायद्याखाली तिच्यावर दोषारोपपत्र ठेवू नये, असे केंद्रीय गृह मंत्रालयाने २०१२ मध्ये राज्यांना कळविले होते.

या साखळीचा पहिला दुवा मात्र गावातच असतो. परगावी नोकरी लावून देणाऱ्या मध्यस्थाची चौकशी करणे, शाळेतून अचानक दिसेनाशा झालेल्या मुलीची खबर पोलिसांना देणे आणि परतलेल्या मुलीस सन्मानाने सामावून घेणे, ही कामे ग्रामपंचायत व शिक्षक यांच्याच हातची आहेत. मुलांसाठी १०९८ व महिलांसाठी १८१ हे मदतीचे दूरध्वनी क्रमांक प्रत्येक शाळेत व चावडीवर ठळकपणे लावलेले असावेत. परतलेल्या मुलीला गावाने दार लावले, तर दलालाचे दार तिच्यासाठी पुन्हा उघडते.