तंबूखालचे फिरते अंगण

पाटावर बसून तुम्ही पुष्कळदा जेवला असाल. पण सहा मोठे पाट जोडून त्यांवर चक्क तंबू उभा केला तर? जत्रा, शिबिर किंवा शेतातली राखण संपली, की पाट सुटे करायचे आणि बैलगाडीत नाहीतर ट्रॅक्टरवर टाकून घरी न्यायचे!

पर्यटकांसाठी पलंग, दिवे असलेले ऐटदार तंबू उभारतात, त्यांच्याखाली असाच लाकडी ओटा असतो. आपल्या वर्धा जिल्ह्यात तर त्याची गरज फारच. सेलू तालुक्यातल्या बोर धरणाभोवतीच्या जंगलाला २०१४ साली व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. जंगलाच्या आसपास रानडुकरांपासून पीक वाचवायला रात्री शेतात मुक्काम करावा लागतो. मचाण बांधून उंचावर झोपायची शेतकऱ्याची युक्ती जुनीच आहे. जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावण्याची भीती असते. हा अतिविषारी साप रात्री फिरतो आणि त्याचा दंश फारसा दुखतही नाही, म्हणून कित्येकदा उशिरा कळतो.

मग चार खांब पुरून पक्का ओटा का बांधू नये? इथे आडवी येते आपली काळी माती! ती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. तेव्हा तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा मातीत पुरलेला खांब हळूहळू वर-खाली होतो आणि ओटा वाकडा होतो. म्हणून काही पुरायचेच नाही, नुसते टेकवायचे!

एक पाट ४ फूट लांब आणि २ फूट रुंद. खाली लाकडी चौकट, मध्ये एक आडवी पट्टी आणि वर इंचभर जाडीच्या फळ्या. दोन फळ्यांमध्ये पेन्सिलीच्या जाडीची फट ठेवायची. पावसात लाकूड फुगले तरी जागा राहते आणि पाणीही खाली निघून जाते. साग वापरला तर पाटाचे वजन वीस-बावीस किलो होते. दोघांनी सहज उचलावा असा!

खरी गंमत भोकांची. चौकटीच्या कडेला प्रत्येक कोपऱ्यापासून बरोबर १ फुटावर भोक पाडायचे. त्यासाठी पट्टीचा एकच फर्मा करून सगळीकडे तोच वापरायचा. (हे काम सुतारकाकांचे हं, तुम्ही फक्त मापे तपासा!) मग कोणताही पाट कुठेही बसतो आणि नटबोल्टने घट्ट होतो. डोनाल्ड बेली या इंग्रज इंजिनियरने दुसऱ्या महायुद्धात याच युक्तीने सुट्या भागांचा लोखंडी पूल केला. त्याचा एक भाग सहा माणसे उचलत. आपले लष्कर आजही पुरात असे पूल उभारते.

आता जोडणी. सहा पाटांचा ओटा होतो ८ फूट बाय ६ फूट. पाटांचे कोपरे येतात अशा बारा जागी मुरूम दाबून चपटा दगड ठेवा. त्यावर वीतभर उंच आणि तेवढाच रुंद लाकडी ठोकळा. गवंडीकाकांच्या पाण्याच्या नळीने पातळी बघा आणि कमी पडेल तिथे पाचर मारा. ओटा काटकोनात आहे का? दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही बरोबर १० फूट भरले, की झाले काम! पायथागोरसचे प्रमेय असे उपयोगी पडते.

आई-बाबांनी एवढे मात्र लक्षात ठेवावे. वीतभर उंचीने ओल टळते, साप हमखास टळत नाही. ओट्याखाली धान्य, कचरा नको. त्याने उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. मच्छरदाणी गादीखाली नीट खोचावी, उतरताना विजेरी लावावी. साप चावलाच तर मांत्रिकाकडे नाही, थेट रुग्णालयात!

सुतारकाकांकडे जाण्याआधी पुठ्ठ्याचे ४ सेंटिमीटर बाय २ सेंटिमीटरचे सहा तुकडे कापा. ते सगळे जोडून ८ बाय ६ चा आयत करा आणि कर्ण मोजा. याच सहा तुकड्यांचे आणखी दोन वेगळ्या मापांचे आयत होतात. शोधा पाहू!