बिनव्याजी, पण फुकट नव्हे : इस्लामी अर्थविचाराबद्दलचे पाच गैरसमज

इस्लामी बँकेचा विषय निघाला की दोन टोकांची मते ऐकू येतात. कुणाला ती सातव्या शतकाकडे परतण्याची धडपड वाटते, तर कुणाला सावकारीतून सोडवणारी दैवी व्यवस्था. दोन्ही मतांत एक गोष्ट निसटते : ही व्यवस्था बहुतांशी विसाव्या शतकात, आधुनिक बँकेला उत्तर म्हणून घडली.

गैरसमज १ : हे अर्थशास्त्र चौदाशे वर्षांपूर्वीचे आहे.

वस्तुस्थिती : व्यापार, भागीदारी आणि उसनवारीचे नियम जुनेच आहेत. करांचा बोजा वाढत गेला की महसूल उलट घटतो, हे इतिहासकार इब्न खल्दूनने चौदाव्या शतकात मांडले होते. मात्र ‘इस्लामी अर्थशास्त्र’ ही स्वतंत्र ज्ञानशाखा आकाराला आली ती १९४०च्या दशकात, ब्रिटिश हिंदुस्थानात आणि मुख्यतः उर्दूतून. तिचे एक प्रमुख प्रवर्तक अबुल आला मौदुदी यांचा जन्म १९०३ साली औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात झाला. १९४१ साली त्यांनी अलिगढला या विषयावर व्याख्यान दिले. हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठातील मनाझिर अहसन गिलानी यांचा ‘इस्लामी मआशियात’ हा ग्रंथ १९४७ सालचा. भांडवलशाही आणि साम्यवाद यांखेरीज तिसरी वाट आपल्याकडे आहे, हे दाखवण्याची त्या पिढीला निकड होती.

गैरसमज २ : व्याज नाही, म्हणजे पैसा फुकट मिळतो.

वस्तुस्थिती : मनाई ‘रिबा’ला, म्हणजे उसन्या पैशावर घेतल्या जाणाऱ्या वाढीव रकमेला आहे, नफ्याला नाही. सर्वाधिक चालणारा व्यवहार ‘मुराबहा’चा. समजा, दहा लाखांची गाडी हवी आहे. बँक ती आधी स्वतः विकत घेते आणि ग्राहकाला हप्त्यांवर, समजा, बारा लाखांना विकते. किंमत एकदा ठरली की वाढत नाही. थकलेल्या हप्त्याचा दंडही साधारणपणे बँकेला ठेवता येत नाही, तो दानधर्माकडे वळवावा लागतो. पण नफा किती लावायचा हे ठरवताना बँका बहुधा बाजारातल्या व्याजदराकडेच पाहतात.

सिद्धान्तकारांना अपेक्षित होता ‘मुदारबा’ : भांडवल एकाचे, मेहनत दुसऱ्याची, नफा ठरल्या प्रमाणात वाटायचा आणि धंदा बुडाला तर पैशाचा तोटा भांडवल देणाऱ्याने सोसायचा. ही जोखीम बँकांना परवडेना, म्हणून मुराबहा फोफावला. पुढे तर नावापुरती खरेदी-विक्री दाखवून रोकड हाती देणारा ‘संघटित तवर्रुक’ आला. २००९ साली इस्लामी सहकार्य संघटनेच्या फिक्ह (इस्लामी धर्मशास्त्र) अकादमीने तो अमान्य ठरवला. म्हणजे ‘हे नाव बदललेले व्याजच’ ही टीका केवळ बाहेरच्यांची नाही.

गैरसमज ३ : व्याजाबाबत धर्मपंडितांत कधीच दुमत नव्हते.

वस्तुस्थिती : सोळाव्या शतकातील ऑटोमन साम्राज्यात रोख रकमेचे वक्फ, म्हणजे धर्मादाय निधी होते. ती रक्कम कर्जाऊ देऊन येणाऱ्या उत्पन्नातून धर्मादाय कामे चालत. शेख-उल-इस्लाम, म्हणजे साम्राज्याचे प्रमुख धर्माधिकारी, एबुस्सूद यांनी रूढ व्यवहार आणि लोकहित यांचा दाखला देत त्यांना मान्यता दिली, तर बिरगिवी या पंडिताने कडाडून विरोध केला. १९८९ साली इजिप्तचे मुफ्ती तंतावी यांनी सरकारी गुंतवणूक प्रमाणपत्रांवरील परतावा वैध ठरवला, तेव्हाही असेच वादळ उठले.

गैरसमज ४ : मुस्लिम देशांत व्याज बंदच आहे.

वस्तुस्थिती : इराणने १९८३च्या कायद्याने सारी बँकव्यवस्था बिनव्याजी केली, निदान कागदावर. मलेशियात त्याच वर्षापासून इस्लामी आणि नेहमीच्या बँका शेजारी-शेजारी चालतात. तुर्कस्तान, इंडोनेशिया, सौदी अरेबियातही दोन्ही प्रकार आहेत. पाकिस्तानात लष्करशहा झिया-उल-हक यांच्या काळापासून प्रयोग सुरू आहेत. तिथल्या संघीय शरीयत न्यायालयाने १९९१ साली व्याजाविरुद्ध निकाल दिला, २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द करून प्रकरण परत पाठवले, आणि २०२२ साली शरीयत न्यायालयाने व्याज संपवण्यासाठी २०२७ अखेरपर्यंतची मुदत घातली.

गैरसमज ५ : हा विचार आधुनिकतेच्या विरोधात आहे, म्हणूनच मुस्लिम समाज मागे पडले.

वस्तुस्थिती : १९६३ साली नाईलच्या त्रिभुज प्रदेशातील मित घम्र गावात अहमद अल-नज्जार यांनी बिनव्याजी बचत बँक काढली. तिचा नमुना होता जर्मनीतल्या स्थानिक बचत बँकांचा. त्याच सुमारास मलेशियात हजसाठी पैसे साठवणारी संस्था उभी राहिली, तीच पुढे ‘ताबुंग हाजी’ झाली. बँकेच्या उंबरठ्यावर न येणारी खेडुतांची बचत दोन्हीकडे गोळा झाली.

मागासलेपणाचे कारण व्याजबंदीत शोधणेही फसवे आहे. व्यापार आणि नफ्याला इस्लामचा अडसर नव्हता, असे फ्रेंच अभ्यासक मॅक्सिम रोदाँसाँ यांनी १९६६ सालीच मांडले. अर्थतज्ज्ञ तिमुर कुरान यांनी २०१० साली कायद्याकडे बोट दाखवले : एक भागीदार वारला की भागीदारी संपे आणि मालमत्ता अनेक वारसांत विभागली जाई, म्हणून व्यापारी संस्था लहान आणि अल्पायुषी राहिल्या. मोठ्या कंपन्या वाढण्याजोगी चौकट मिळाली ती एकोणिसाव्या शतकात युरोपीय धर्तीचे व्यापारी कायदे आल्यावर. कुरान यांच्या मांडणीवरही मतभेद आहेत. पण तिने चर्चा श्रद्धेकडून करार आणि कायद्यांकडे वळवली.

इस्लामी म्हणवणारी योजना पारखायचीही तीच रीत : पाटीवरचे नाव सोडून करारनामा उघडायचा आणि तोटा झाला तर तो कोण सोसणार, हे पाहायचे. तो नेहमी कर्जदाराच्याच माथी येत असेल, तर सिद्धान्त मागे राहिला आणि बँक पुढे गेली, असे समजावे.