फोन त्याचा, हप्ता माझा

दुकानात शिरताना तुम्ही ‘फक्त बघायला’ आलेले असता. मग फोन हातात येतो. कॅमेरा उघडून सोबतच्या मित्राचा एक फोटो निघतो, झूम करून बघितला जातो, आणि आपला जुना फोन अचानक खूपच जुना वाटायला लागतो. किंमत विचारली की पोटात गोळा येतो. तेवढ्यात शेजारच्या छोट्या टेबलामागून आवाज येतो, ‘‘दादा, आधार-पॅन आहे ना? मग टेन्शन कशाला घेता? महिन्याला फक्त दोन हजार!’’

पुढच्या पंधरा मिनिटांत दोन-तीन ओटीपी येतात, एक सेल्फी निघतो, टॅबवर हिरवी खूण उमटते आणि तुम्ही खोका घेऊन बाहेर पडता. पिझ्झाच्या ऑर्डरलासुद्धा याहून जास्त वेळ लागतो.

मीही असाच बाहेर पडलो होतो, पाच वर्षांपूर्वी, सेकंड इयरला असताना. फरक इतकाच की खोका माझ्या हातात नव्हता. तो माझ्या रूममेटच्या हातात होता. त्याचं खातं गावच्या पतसंस्थेत होतं आणि तिथून हप्ता आपोआप कापला जात नव्हता, म्हणून त्याचं कर्ज होईना. तो म्हणाला, ‘‘भावा, तुझ्या नावावर घेऊ. हप्ते मीच भरणार, दर महिन्याच्या तीन तारखेला तुला पाठवतो.’’ एका खोलीत राहायचं, एका ताटात जेवायचं, तिथे नाही कसं म्हणणार? फोन २१ हजारांचा, हप्ता १,७५० चा, महिने १२. मी ओटीपी सांगितले.

त्या पंधरा मिनिटांत काय होतं?

पॅन नंबर टाकला की फायनान्स कंपनी पतमाहिती कंपनीकडे तुमची चौकशी करते. आपल्याकडे अशा चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. तुम्ही आजवर घेतलेली कर्जं, क्रेडिट कार्डं आणि ती फेडण्याचा तुमचा वक्तशीरपणा यांची नोंद त्यांच्याकडे असते. त्यावरून ३०० ते ९०० मधला एक आकडा तयार होतो. त्यालाच आपण सरसकट ‘सिबिल’ म्हणतो. साधारण ७५०च्या पुढे असाल तर बँका खूश असतात.

तुम्ही आजवर कर्जच घेतलेलं नसेल तर हा आकडा नसतोच. पाटी कोरी. मग कंपनी बाकीच्या गोष्टी बघते: वय, पत्ता, बँक खातं, उत्पन्न. इथे एक गंमत होते. विद्यार्थ्याला कसलं आलंय उत्पन्न? टेबलामागचा दादा विचारतो, ‘‘काही छोटं-मोठं काम करता ना?’’ आणि तुम्ही काही बोलायच्या आत ‘स्वयंरोजगार’वर टिक करून, महिन्याला अमुक हजार असं टाकून मोकळा होतो. त्याला त्याचं टार्गेट असतं. पण खालची सही तुमची असते. खोटी माहितीही मग तुमच्याच नावावर जमा.

अर्ज नामंजूर झाला म्हणून लगेच शेजारच्या टेबलावर, मग तिसऱ्या अ‍ॅपवर नशीब आजमावू नका. प्रत्येक अर्जाची चौकशी अहवालात दिसते, आणि थोड्या दिवसांत चार-पाच चौकशा दिसल्या की पुढच्याला वाटतं, हा पैशांसाठी दारोदार फिरतोय. स्वतःचा अहवाल स्वतः बघितल्याने मात्र स्कोअर अजिबात कमी होत नाही.

आणि वय १८ पूर्ण नसेल तर विषयच संपला. १८७२च्या करार कायद्यानुसार अज्ञान व्यक्तीला करार करता येत नाही. मग घरच्यांच्या नावावर कर्ज निघतं आणि तुमचा फोन बाबांच्या पतीला जोडला जातो.

शून्य टक्के म्हणजे किती टक्के?

आता ‘नो कॉस्ट’बद्दल. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना स्पष्ट बजावलं होतं की शून्य टक्के व्याज अशी गोष्ट मुळात नसतेच. पैसे वापरायला देणारा ते फुकट देत नाही. फक्त ते व्याज कुणीतरी, कुठेतरी भरतं. कधी फोन बनवणारी कंपनी भरते, कधी दुकानदार, आणि बरेचदा न कळत तुम्हीच.

एक हिशेब करून बघू. समजा, फोनवर किंमत आहे २४,०००. हप्त्यावर घेतला तर २,००० चे १२ हप्ते, व्याज शून्य. ऐकायला छान. पण दुकानदाराला विचारा, ‘‘एकरकमी दिले तर किती सोडाल?’’ समजा तो म्हणाला, २२,५०० ला देतो. म्हणजे फोनची खरी किंमत २२,५००. त्यात हप्त्याच्या व्यवहारावर ४९९ रुपये प्रोसेसिंग फी आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, असे मिळून साधारण ५८९ रुपये. एकूण तुम्ही भरता २४,५८९. जास्तीचे गेले २,०८९.

तुम्ही म्हणाल, हे तर नऊ टक्केच झाले. तसं नाही. ती रक्कम वर्षभर तुमच्याकडे राहतच नाही, दर महिन्याला दोन हजार परत जातात. तो हिशेब धरला तर वार्षिक दर १७ टक्क्यांच्या आसपास जातो. शून्याचे सतरा झाले आणि पोस्टरवर एक अक्षरही खोटं नाही!

क्रेडिट कार्डावरच्या नो कॉस्ट ईएमआयमध्ये आणखी एक खाच असते. तिथे व्याज आधी लावलं जातं आणि तेवढीच सूट किमतीत दिली जाते. पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी तुमच्या बिलात येतोच. शिवाय स्क्रीनचा विमा, वाढीव वॉरंटी, ‘ईएमआय कार्ड’ची फी या गोष्टी हळूच हप्त्यात मिसळल्या जातात. महिन्याला शंभर-दीडशेने कुणाला काय फरक पडतो, असं वाटतं. बारा महिन्यांनी पडतो.

हप्ता वाईटच, असं म्हणायचं नाहीये. एकरकमी सूट नसेल, फी नगण्य असेल आणि पैसे दर महिन्याला नक्की येणार असतील तर जरूर घ्या. फक्त ‘हप्ता किती?’ या प्रश्नाआधी ‘एकूण किती?’ हा प्रश्न विचारा.

नवव्या महिन्यात

रूममेटने आठ हप्ते अगदी वेळेवर पाठवले. मग त्याच्या घरी अडचण आली, तो परीक्षा अर्धवट टाकून गावी गेला आणि नवव्या महिन्याची तीन तारीख तशीच गेली. पाच तारखेला माझ्या खात्यातून हप्ता कापायचा प्रयत्न झाला. खात्यात होते सहाशे रुपये.

हप्ता बाउन्स झाला की दोन्हीकडून चटका बसतो. फायनान्स कंपनी तिचा दंड लावते आणि तुमची बँकही ‘पैसे नव्हते’ म्हणून वेगळे पैसे कापते. पुढच्या महिन्यात खर्चाला आलेल्या पैशांतून आधी तो दंड वजा होतो, मग शिल्लक आणखी कमी, मग पुन्हा बाउन्स. मी हुशारी केली. ते खातंच वापरणं सोडलं. बाबांना दुसऱ्या खात्याचा नंबर दिला. वसुलीचे फोन यायला लागले तेव्हा मी शांतपणे सांगायचो, ‘‘सर, फोन माझ्याकडे नाहीये, माझ्या मित्राकडे आहे.’’ समोरचा तितक्याच शांतपणे म्हणायचा, ‘‘पण कर्ज तुमच्याकडे आहे.’’ शेवटी मी नंबर ब्लॉक केला. फोन बंद झाले. मला वाटलं, प्रकरण मिटलं.

ते मिटलं नव्हतं. ते महिन्यागणिक लिहिलं जात होतं. पतअहवालात प्रत्येक कर्जासमोर दर महिन्याचा एक रकाना असतो आणि हप्ता किती दिवस थकला ते त्यात दिसतं. वेळेवर भरला तर शून्य, नाहीतर ३०, ६०, ९०... आणि ९० दिवस ओलांडले की ते कर्ज ‘बुडीत’च्या वाटेला लागलं असं धरलं जातं.

दोन वर्षांनी मला पोस्ट ग्रॅज्युएशनला प्रवेश मिळाला. शैक्षणिक कर्जासाठी बाबांना घेऊन बँकेत गेलो. मॅडमनी कागद तपासले, मार्कांचं कौतुक केलं, मग कॉम्प्युटरकडे बघून थांबल्या. स्क्रीन आमच्याकडे वळवून म्हणाल्या, ‘‘हे मोबाइलचं कर्ज कुणाचं?’’ बाबांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना यातलं काहीही माहीत नव्हतं. लाखोंच्या कर्जाची फाइल सात हजारांच्या थकबाकीवर अडली होती.

कंपनीला फोन केला तर समोरून ऑफर आली, ‘‘चार हजारांत सेटल करून टाकू.’’ मी आनंदाने हो म्हणणार होतो. मॅडमनीच थांबवलं. म्हणाल्या, ‘‘सेटल करू नकोस. अहवालात ‘सेटल्ड’ असा शिक्का बसेल, म्हणजे यानं पूर्ण पैसे दिले नाहीत असा अर्थ. सगळे भर आणि ‘क्लोज्ड’ करून घे.’’ दंडासकट सगळे भरले, एनओसी घेतली. पण अहवाल सुधारून, फाइल पुन्हा वर जाईपर्यंत फी भरायची तारीख उलटणार होती. पहिल्या सेमिस्टरची फी आईच्या पाटल्या पतसंस्थेत ठेवून भरली. त्या सोडवायला पुढे चौदा महिने लागले.

तुमच्या बाजूनेही नियम आहेत

हे सगळं वाचून घाबरू नका. मला तेव्हा माहीत नसलेल्या आणि आता तुमच्या हातात असलेल्या काही गोष्टी सांगतो.

१ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जांसोबत ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ देणं बंधनकारक आहे. ही कर्जाची कुंडलीच समजा. वार्षिक खरा दर, सगळे आकार, हप्त्यांच्या तारखा, दंड असं सगळं त्यात, तुम्हाला समजेल अशा भाषेत हवं. त्यात नसलेला आकार तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. टेबलावरच ते मागा आणि त्यातला ‘एपीआर’ हा आकडा वाचा. पोस्टरवरच्या शून्याचं खरं रूप तिथे दिसतं.

डिजिटल पद्धतीने घेतलेल्या कर्जाला ‘कूलिंग ऑफ’ म्हणजे विचार बदलण्याची मुदत असते, किमान एक दिवस. त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्याच दिवसांचं व्याज देऊन दंडाशिवाय बाहेर पडता येतं. फार तर प्रोसेसिंग फी जाते.

हप्ता थकला तरी वसुलीवाल्यांना सकाळी ८च्या आधी आणि संध्याकाळी ७नंतर फोन करता येत नाही. धमकावणं, नातेवाइकांना फोन करून बदनामी करणं हेही चालत नाही. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, त्याची माहिती १४४४८ या क्रमांकावर मिळते.

चारही पतमाहिती कंपन्यांना वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल मोफत द्यावा लागतो. वाढदिवसाच्या दिवशी बघायची सवय लावा. त्यात न घेतलेलं कर्ज दिसलं तर तक्रार करा. ती ३० दिवसांत सुटली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे.

हप्ता चुकणारच आहे असं दिसत असेल तर तारखेच्या आधी स्वतःहून कंपनीला फोन करा. घरी सांगा. दोन हजारांसाठी बाबांची बोलणी खाणं खूप स्वस्त पडतं, हे मी अनुभवाने सांगतो. शेवटचा हप्ता भरला की एनओसी घ्या आणि महिन्या-दीड महिन्याने कर्ज ‘क्लोज्ड’ दिसतंय का ते तपासा.

आणि पाटी कोरी आहे म्हणून ती भरायचीच असेल, तर स्वतःच्या नावावर, स्वतःला झेपेल एवढं घ्या. दहा-पंधरा हजारांच्या ठेवीवर काही बँका क्रेडिट कार्ड देतात. त्यावर मेसचं बिल भरा, महिन्याच्या महिन्याला पूर्ण फेडा. पत अशीच बनते, कंटाळवाण्या पद्धतीने.

माझ्या रूममेटचा मागच्या दिवाळीत फोन आला. खूप वेळ इकडचं तिकडचं बोलला आणि मग म्हणाला, ‘‘तुझे सात हजार राहिलेत.’’ दोन महिन्यांत त्याने ते पाठवले. पाटल्यांबद्दल मी त्याला सांगितलं नाही. तो फोन अजून चालू आहे म्हणे. काच तडकलीये, बहीण त्यावर लेक्चर बघते. तो वाईट मुलगा कधीच नव्हता. त्याला अडचण आली आणि नाव माझं होतं, एवढंच.

म्हणून त्या टेबलामागचा दादा टॅब पुढे सरकवून विचारेल, ‘‘नाव कुणाचं टाकू?’’ तेव्हा उत्तर द्यायच्या आधी थोडं थांबा. सगळ्या फॉर्ममध्ये तेवढा एकच प्रश्न महत्त्वाचा असतो.